गयामावशीची झाडी

गयामावशीनं चहा टाकला की समजायचं, लाकूड मिळत नाही. कोणाला वखरासाठी हवं, कोणाला चौकटीसाठी. शहागडच्या बाजूला तिच्यासारखी कडुलिंबाची झाडी दुसऱ्या कोणाकडे उरलीच नव्हती. "बस रे, चहा घे. झाड तेवढं मागू नको." माणूस बशी खाली ठेवायचा आणि पुटपुटत निघायचा.

दोन हजार सालानंतर मी एका संस्थेत लागलो. झाडं हवेतला कार्बन शोषून ठेवतात, त्या बदल्यात धूर ओकणारे परदेशी कारखाने झाडवाल्याला पैसे देणार, अशी योजना होती. मी आधी मावशीचंच घर गाठलं. म्हटलं, म्हातारीचं नशीब फळफळलं! तिचा मुलगा उत्तम तर बोअर कुठं घ्यायचं ते ठरवूनच बसला. पण संस्थेच्या साहेबांनी झाडी पाहून नकारार्थी मान हलवली. उघड्या रानावर नवी लावलेली झाडंच मोजतात म्हणे. शेजारच्या दादारावनं आपली झाडं कधीच विकून खाल्ली होती. त्याचं रान पास.

"म्हंजे तोडणाऱ्याला बक्षीस व्हय?" मावशी हसली. "साह्यबाला इचार, माझी झाडं काय रिकामी बसून राह्यलीत?"

नियमाला त्याचं कारण होतं, तिची झाडं पैशाविनाही उभी राहणारच होती; पण तिच्यासमोर ते सांगायची मला लाज वाटली.

उत्तमच्या डोक्यात भलतंच शिरलं. ही तोडू, मंग नवी लावू. आता तोडलेलं रान चालत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. "कोण बघायला येतंय?" म्हणत त्यानं लाकूडतोडे आणलेच. मावशीनं त्यांनाही चहा पाजला. मग म्हणाली, "आदल्या दिशी हळदकुंकू वाहून झाडाला सांगावं लागतं, बाबांनो. म्या अजून सांगितलं न्हाई."

ही रीत आमच्याकडे सगळेच पाळतात. त्यांचा म्होरक्या रहीमभाई म्हणाला, "बराबर हाय. उद्या येतो." उद्या अमावास्या निघाली. परवा मावशीला कणकण. पुढं घरट्यांत पिल्लं. शेवटी रहीमभाईच येईनासा झाला, आणि उत्तमनं आईशी बोलणं टाकलं. एकाच घरात, वर्षभर! ते मात्र तिला फार लागलं. "रुसलेलं पोरगं आज ना उद्या बोलंल," म्हणायची आणि पदर डोळ्याला लावायची.

तो बोलायच्या आतच ती गेली. सरणाला लाकूड घरचंच, त्यात विचारायचं काय? भावकी कुऱ्हाडी घेऊन झाडीकडे निघाली. उत्तम आडवा झाला.

"तिथलं न्हाई. शहागडच्या वखारीतून आणा."

भावकीनं कुऱ्हाडी खाली ठेवल्या. लाकडाचा टेम्पो यायला दुपार झाली. ऊन रणरणत होतं. तोवर सगळं गाव त्या झाडीत बसून राहिलं.