खड्ड्यावरची गाडी

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मिस्त्री पंचावन्नचा. बॉनेटच्या कडेवर पान्ह्यानं दोनदा टकटक करायचं, मान वाकवून ओरडायचं, "बोटं काढ!" आणि गाडीखालून "काढली" असं उत्तर आल्याशिवाय पान्हा हलवायचा नाही, ही त्याची रीत. वारंगा फाट्यावर तुम्ही कधी गाडी दुरुस्त करून घेतली असेल तर हा आवाज तुमच्याही कानात असेल.

सवय इतकी जडली होती की शटर ओढतानाही तो ओरडायचा. हॉटेलात बाकडं सरकवायचं तरी "बोटं काढ!" एका लग्नात गाडीचं दार लावताना ओरडला, तर आत बसलेल्या नवरदेवानं घाबरून दोन्ही हात वर केले. लोक कितीतरी दिवस हसत होते. तो म्हणाला, "हसा. पर दहाच्या दहा बोटं घेऊन हसून राहिले ना? मंग बराबर हाय."

माझं दुकान त्याच्या शेजारी. मी गाड्यांच्या शिटा शिवायचो. शिवायची मशीन माझी स्वतःची, कुणाच्या हाताखाली कधी राहिलो नाही. तोही तसाच. दोघंही कुणाचं ऐकणारे नव्हतो, म्हणून पटलं.

त्याचा एकुलता एक पोरगा त्याच्याच हाताखाली तयार झाला होता. लग्नाच्या वयाचा. त्या साली त्यानं पुण्याहून एक जुनी शर्यतीची गाडी आणली. लाल, दोन दारांची, दोनच शिटांची, पोट जमिनीला टेकलेलं. म्हटलं, आपल्या रस्त्यावर हिचं काय काम? तर म्हणाला, "काका, इंजनात लई ताकद हाय, पर गिअरबॉक्स मरतुकडा. दणकट गिअरबॉक्स अन् भारी क्लच टाकतो. अब्बा वर, मी खाली. मंग बघा." दोन्ही शिटा त्यानं माझ्याकडूनच शिवून घेतल्या.

खाली उतरून काम करायला दुकानात खणलेला खड्डा होता, गाडी त्याच्यावर घेतली. जुना गिअरबॉक्स उतरला. नवा क्लच बसला. नवा गिअरबॉक्स चढवायचा तेवढा राहिला होता, आणि खड्ड्यातल्या ओलीत हातदिव्याचा करंट लागून पोरगं गेलं. बाप वर पान्हा धरून उभा होता.

तीन वर्षं गाडी तशीच राहिली. गिअरबॉक्स खाली गोणपाटात. मिस्त्री बाकीच्या गाड्या बाहेर झाडाखाली करायचा, खड्ड्याकडं कुणाला फिरकू द्यायचा नाही. पण आमच्यात पत्र्याचीच भिंत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की टकटक ऐकू यायची. मग, "बोटं काढ." मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं पान्हा ठेवल्याचा आवाज. खालून उत्तर येत नव्हतं म्हणून तो पुढं जात नव्हता, एवढं मला समजलं होतं.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. आमची दुकानांची ओळ जाणार. मी सगळ्यांना सांगून टाकलं, पाडायच्या मशीनपुढं आडवा होईन पण हलणार नाही. मिस्त्रीला दुकानाचं काही नव्हतं. त्यानं एकच विचारलं.

"काका, खड्डा बुजवतील?"

"बुजवतीलच. क्रेन बोलव, गाडी उचलून नेईल."

"तसं कसं? काम अर्धं हाय ना त्याचं. अर्ध्या कामातून तो उठत न्हाई. लहान होता तवापासून. त्याची माय जेवायला हाका मारून थकायची."

"अरे, तो कुठं हाय आता?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच खुळा.

पाडायची मशीन दुसऱ्या दिवशी येणार होती. त्या दुपारी ऊन असं की फाट्यावर कुत्रं दिसत नव्हतं. टकटक झाली. "बोटं काढ." मी सुई थांबवली. नेहमीसारखी शांतता झाली, आणि मग मिस्त्री म्हणाला, "हां. फिरवतो."

मी उठून गेलो. तो बॉनेटमध्ये वाकून पान्ह्यानं इंजन फिरवत होता. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या दात्यांत बसायला इंजन जरा जरा फिरवावं लागतं, आणि खालच्या माणसाला गिअरबॉक्स छातीनं रेटून धरावा लागतो. दोन माणसांचं काम.

"अजून? बरं. केसभर? घे."

खाली खट्कन वाजलं. मी मिस्त्रीचे हात बघत होतो. दोन्ही वर, पान्ह्यावर होते.

मी वाकून खड्ड्यात बघितलं. कुणी नव्हतं. जॅक कोपऱ्यात, धुळीनं पांढरा. गिअरबॉक्स इंजनाला बरोबर चिकटलेला, त्याला दोन बोल्ट लावलेले. आणि गोणपाट घडी करून ठेवलेलं.

"मिस्त्री, हे बोल्ट कुणी लावले?"

"काका, तुमी जा बरं. तुमी असले की लाजतो तो."

कुणाच्या सांगण्यावरून उठणारा माणूस मी नाही. पण गेलो.

दिवस कलताना गाडी सुरू झाली. आवाजानं माझा पत्रा थरथरला. मिस्त्री धुतलेले कपडे घालून गाडीत बसला होता, एकटा. माझ्याकडं बघून हात केला, गिअर टाकला आणि नांदेडच्या बाजूनं गेला. जवळा बाजारला त्याची बहीण आहे, तिच्याकडंही तो पोचला नाही. पुढं कुणालाच दिसला नाही, गाडीही नाही.

मला त्या रात्री झोप आली नाही. गाडीत दोन शिटा, आणि जाताना त्यातली एक रिकामी होती. मी ती नीट बघितली होती. घाईत बाप एकटाच निघून गेला, पोरगं खालीच राहिलं की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आली. मी माझ्या दुकानापुढं आडवा होणार होतो, ते राहिलं. मी खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसलो.

"बाबा, उठा की. काहून तकलीफ देऊन राहिले?" मशीनवाला म्हणाला.

"थांब. आत माणूस हाय."

तो उतरला, वाकून बघून आला. "कुणी न्हाई आत."

"तुला दिसत न्हाई म्हणून न्हाई व्हय? थांब म्हणलं ना."

मी वाकलो. "काम झालं रे लेकरा," म्हणालो, "चल, ये वर." आणि हात खाली सोडला. हाताला वजन आलं तसं ओढलं, जपून, माझं वय बघून. मग बाजूला सरलो आणि मशीनवाल्याला म्हणालो, "भर आता."