मावशीचा उजवा पाय

ट्रॉलीबसच्या डेपोत तिला सगळे मावशी म्हणत. मॅनेजरसुद्धा, रजा नाकारताना. सव्वीस वर्षं तिने एकाच मार्गावर बस चालवली आणि छतावरचे दांडे एकदाही वरच्या विजेच्या तारेवरून सुटू दिले नाहीत. हे वाटतं तितकं सोपं नाही. जिथे बसची तार ट्रामच्या तारेला छेदते, तिथे हातभर तुकडा बिनकरंटचा असतो. त्या जागी पेडलवरचा पाय उचलायचा, बस आपसूक पुढे जाऊ द्यायची, मग पुन्हा दाबायचं. नाही उचलला तर वर ठिणग्या उडतात, दांडे सुटतात आणि प्रवासी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तिच्या मार्गावर अशा अकरा जागा होत्या.

मग शहाण्या लोकांनी ठरवलं की तारा नकोत. ट्राम गेली, तारा उतरल्या, बॅटरीच्या बस आल्या. जुन्या ड्रायव्हरांनी परीक्षा द्यायची. पास झाले तर नोकरी, नाही तर घरी बसा. मावशीला बसायला घरही उरणार नव्हतं, कारण डेपोवरच्या दोन खोल्या नोकरीबरोबरच जायच्या. त्यातल्या एकीत तिचा नवरा नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेला. तो तारांवर काम करणारा लाइनमन. शिडीवरून पडला तेव्हा कंबर गेली, तोंड मात्र शाबूत राहिलं.

नव्या बसची तऱ्हा अशी, की पाय उचलला की ती स्वतःच ब्रेक लावते. म्हणून महिनाभर दोघांनी सराव केला. ती खाटेच्या कडेला बसून उपड्या पातेल्यावर पाय दाबून धरायची, तो पडल्या पडल्या ओरडायचा, "पोस्टाचा चौक आला! उचलू नकोस!"

"नाही उचलत."

"उचललास. मी बघितलं."

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा, मग नाही उचलणार."

शेवटच्या आठवड्यात तिने अकराही जागा न चुकता पार केल्या. "होशील पास, बहुतेक," तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी पोस्टाच्या चौकात वाहनांची ही गर्दी, शेजारी परीक्षक वही उघडून बसलेला. पाय उचलला गेला. बस भर चौकात गचकन अडखळली, मागून हॉर्न बोंबलायला लागले. पुढच्या चौकात तिने दातओठ खाऊन पेडल दाबलं, तरी तेच. तिसऱ्या वेळेनंतर परीक्षकाने वही मिटली.

"मावशी, वर तार नाहीये आता."

"माहितीये हो मला."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण ही खोड नव्हती हो, ही तिची आयुष्यभराची हुशारी होती! तीच आता चूक ठरली. माणसाने एखादं काम इतकं चांगलं शिकावं तरी कशाला?

ती वर आली तेव्हा नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि इतकंच विचारलं, "कुठे कुठे?"

तिने तिन्ही जागा सांगितल्या. त्याने डोळे मिटून एकेक आठवली.

"बरोबर उचललास," तो म्हणाला. "बरोबर तिथेच. ते तुकडे मीच बसवले होते."

इतक्या वर्षांत या माणसाने तिच्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तर ते काय चुलीत घालायचं? तिला रडू आवरेना.

महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. त्याला जिन्यावरून खाली न्यायला चार माणसं लागायची, आणि डेपोत तिच्या ओळखीची आता दोनच उरली होती.