सरकी उगवलेली भिंत

फौजीशी लग्न झालं की संसार एका ट्रंकेत मावेल एवढाच करायचा, हे मी केनवडला सासूच्या हाताखाली राहून शिकले. आमचे हवालदार वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि भरल्या घरात पाहुण्यासारखे वावरायचे. आमचं दोघांचं बोलणं जरा कुठं रंगात यायचं, तोवर त्यांच्या होल्डॉलचे, म्हणजे अंथरुणाच्या वळकटीचे, पट्टे आवळायची वेळ झालेली असायची. म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्यांची बदली कारंज्याला झाली, कॉलेजच्या पोरांना कवायत आणि बंदूक शिकवायला, आणि वर कुटुंबालाही जागा मिळणार असं कळलं, तेव्हा मी सासूसमोरच हसले. तिनं नाक मुरडलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

जागा म्हणजे कापसाच्या जिनामागचं, कापसातलं बी काढायच्या कारखान्यामागचं, एक जुनं गोदाम. खात्यानं ते भाड्यानं घेतलं होतं. वर उघडा पत्रा, खाली उखडलेली फरशी, आणि मध्ये बांबूचा तट्टा उभा करून दोन खोल्या पाडलेल्या. एक आमची. दुसऱ्या खोलीत दुसरे हवालदार आणि त्यांची बायको, साताऱ्याकडची. तट्ट्याच्या फटीतून तिच्या चुलीचा धूर माझ्याकडे आणि माझ्या फोडणीचा ठसका तिच्याकडे जायचा. पहिल्याच दिवशी ती पलीकडून म्हणाली, "वैनी, तुमी मीठ जास्त टाकता बगा." चव न घेता तिला कसं कळलं, हे मला अजून तिला विचारायचं आहे.

जागा देताना कारकुनानं बजावलं होतं, भिंतीला खिळा मारायचा नाही, काही तोडायचं नाही, जाताना जशी घेतली तशी परत करायची. मी मान डोलावली. खिळा न मारता घर लावता येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं कधी घर लावलेलंच नसतं.

कारंज्यात एक गोष्ट फुकट होती, ती म्हणजे जिनाच्या मागे टाकलेला पसारा. गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे तिथे पडलेले असायचे. ते वाकवून मी आकडे केले आणि वरच्या लाकडी वाशांवर अडकवले. एकावर बुद्धाची तसबीर, एकावर कंदील, एकावर हवालदारांचा गणवेश. जिनाच्या चौकीदाराला विचारून फाटका बारदाना आणला, गोणपाटाच्या सुईनं जोडून सगळ्या खोलीएवढा केला, पत्र्याखाली दोरीनं ताणून बांधला आणि त्याला नीळ घातलेल्या चुन्याचे हात दिले. ट्रंकेवर जुन्या लुगड्याची गोधडी घातली की बसायला बाक झाला. फरशी उखडली होती तिथे मुरूम भरून वर सारवलं, कडेनं गेरूची रेघ ओढली. हवालदार संध्याकाळी आले, बूट हातात घेऊन दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आता पाय कुठी ठेवू वं?"

हे सगळं चाललं होतं तेव्हा चैत्र लागलेला. अशात एक दिवस ते उशिरा आले. जेवण झाल्यावर म्हणाले, "अकोल्याहून मोठे साहेब येऊन राह्यले. जागा फॅमिलीसाठी बरी हाय का नाही, ते पाहाले."

"आन बरी नाही म्हनले तं?"

"तं आमी दोघं हवालदार इथं राहू. तुमाले दोघींले आपापल्या गावी जा लागन."

मी भांडी घासायला उठले. मला केनवडला परत जायचं नव्हतं. तिथे कुणी मला मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. पण नवऱ्याच्या सुट्टीवर जगायचा मला कंटाळा आला होता. हा माणूस सकाळी दात घासताना गुणगुणतो, डाळीतली मिरची बाजूला काढून शेवटी खातो, एवढं साधं मला कारंज्यात येईपर्यंत माहीत नव्हतं. ते सोडून मी जाणार नव्हते.

छत झालं होतं, जमीन झाली होती. राहिला होता तो तट्टा. त्याच्या फटी पाहूनच कुठलाही साहेब म्हणाला असता, इथे दोन कुटुंबं कशी राहतील? मी पदर खोचला. माती, शेण आणि जिनातला उडलेला कचरा कापूस एकत्र मळला. कापसाच्या तंतूंनी माती धरून राहते, तडा सहसा जात नाही. सातारकरीण नाकाला पदर लावून पाहत होती, मग तीही बसली लिंपायला, तिच्या बाजूनं. दोघींनी मिळून तट्ट्याची चांगली जाड भिंत केली. उन्हानं तडकू नये म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडत होते. चुना द्यायचा तो भिंत वाळल्यावर, असा बेत होता.

साहेब यायच्या दिवशी सकाळी पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "वैनी, अवो वैनी! भिंतीला कोंब फुटल्यात की वो!"

मी कंदिलाची काच पुसत होते, ती ठेवून वळले. माझ्याही बाजूनं भिंत हिरवी झाली होती. दोन-दोन पानांचे मऊ कोंब, खालपासून वरपर्यंत, नजर जाईल तिथे. कचरा कापसात सरकी, म्हणजे कापसाचं बी, राहिली होती. मी कपाळावर हात मारला. पेरणीआधी आम्ही सरकी शेणामातीतच घोळतो, म्हणजे ती हाताला चिकटत नाही. लहानपणापासून हे काम केलेली बाई मी, आणि मी शेणामातीत घोळलेली सरकी भिंतीत पेरून तिला दोन वेळा पाणी घालत होते! दुसऱ्या कुणाचं पीक इतकं जोमानं आलं नसेल.

हवालदार तोंडाचा साबण तसाच ठेवून आले. "उपटून टाक लवकर!"

मी एक कोंब उपटला तर त्याच्याबरोबर मातीचा पोपडा निघाला आणि पलीकडची सातारकरीण दिसली. तिनं तिकडून हात हलवला.

"मंग चादर टांग."

"अन चादरीच्या मांगं काय हाय, हे साहेब पह्यले पाह्यनार नाही?"

त्यांनी चादरीचा नाद सोडला. फौजेतली तपासणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. चेहरा असा झाला होता की मला त्यांची दया आली. पण मला रडू येत नव्हतं, राग येत होता. घर मी चांगलं केलं होतं. चार कोंबांसाठी ते मी वाईट म्हणवून घेणार नव्हते.

साहेब दुपारी आले, ऐन उन्हात. उंच, मिशाळ, हातात छडी. आधी शेजारच्या खोलीत गेले. तिथे सातारकरणीकडे अजून उघडाच पत्रा होता. आत गेले आणि घाम पुसत लगेच बाहेर आले. मग आमच्याकडे. छडीनं बारदान्याचं छत जरा वर उचलून पाहिलं, आकडे पाहिले, आणि वळले ते थेट भिंतीकडे.

"यह क्या है?"

हवालदार ताठ उभे होते. मीच पुढे झाले. "कपास है साब. माटी में सरकी रह गई थी. गलती मेरी है. लेकिन दीवार पक्की है, हात लगा के देखो."

त्यांनी खरंच हात लावला. मग टोपी काढली, मान पुसली आणि माझ्या ट्रंकेवर, गोधडीवर, बसले. वर पत्रा तडतडत होता. मी माठातलं पाणी दिलं. ते प्यायले, आणखी एक तांब्या मागितला आणि तोही प्यायले. मला तेव्हाच कळलं की मी केनवडला जात नाही. उन्हानं तापलेल्या माणसाला जिथून उठावंसं वाटत नाही, ती जागा राहण्याजोगी नाही असं तो कुठल्या तोंडानं म्हणेल?

उठताना म्हणाले, "फैमिली रहेगी. दोनों. लेकिन जाते वक्त सब पहले जैसा करके देना." दारात पुन्हा भिंतीकडे पाहून ते हसले, तेव्हा कुठे आमचे हवालदार श्वास घेताना दिसले.

पुढच्या दोन दिवसांत सातारकरणीकडेही छत बांधलं. भिंतीतले कोंब मी ओल्या मातीसकट कोरून काढले, फटी पुन्हा लिंपल्या, वर चुना दिला. धडधाकट कोंब न्हाणीच्या पाण्यावर ओळीनं लावले. दिवाळीला त्यांची बोंडं फुटली. तो कापूस मी हातानं पिंजून एक उशी भरली. आमच्या स्वतःच्या घरातली म्हणावी अशी ती एकच वस्तू होती, कारण ती घरातूनच उगवली होती.

मग एक दिवस बदलीचा हुकूम आलाच. सरहद्दीवर, जिथे कुटुंब नेता येत नाही. मी बारदाना उतरवला, आकडे काढले. भिंत फोडताना मात्र रडले, सातारकरीणही पलीकडून रडत फोडत होती, आणि फटी मोकळ्या झाल्या तेव्हा आम्ही एकमेकींना पाहून आणखी रडलो. कारकून आला, सगळीकडे नजर फिरवली आणि ठीक आहे म्हणाला. आम्ही तिथे राहिलो होतो हे दाखवणारं तिथे काहीच उरलं नव्हतं.

एसटी स्टँडवर उशीवरून आमचं भांडण झालं. ते म्हणत होते तू ठेव, मी म्हणत होते तुम्ही न्या. शेवटी मीच ती त्यांच्या होल्डॉलमध्ये कोंबली आणि पट्टे आवळले. ते पट्टे मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं आवळले.

वर्षानं ते केनवडला सुट्टीवर आले तेव्हा होल्डॉल मीच उघडला. उशी मळली होती. फौजेत ज्याची वस्तू त्याचा नंबर तिच्यावर घालतात, तसा तिच्यावरही काळ्या रंगात त्यांचा नंबर होता. मी ती उलटी केली. दुसऱ्या बाजूला आमच्या घरचा पत्ता लिहिला होता, गाव-तालुक्यासकट.

"हे काहून लिवलं?"

ते बूट सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठी राह्यली-गेली तं पत्त्यावर येईन ना ते."

मला सगळं कळलं. सासू चुलीशी बसली होती, तरी मी आवाज खाली केला नाही. "एकटी उशी आली तं मी घरात घेनार नाही. तिले घेऊन तुमीच यायचं. आयकू आलं?"

"आलं," ते म्हणाले.

उशी त्यानंतरही दर सुट्टीला आली, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच होल्डॉलमधून आली.