आर्टरीतली हवा

सदलगे सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या निपाणीच्या घरी झाली, तेव्हा मी रडत होते. बेळगावच्या नर्सिंग कॉलेजात जाऊन मला दोनच महिने झाले होते. मी बोरगावच्या मराठी शाळेतली; तिथं पुस्तकही इंग्रजी, शिकवणंही इंग्रजी. रोज पन्नास शब्द घोकायचे, सकाळी डोकं कोरं. शेवटी शनिवारी घरी येऊन मी वडिलांना, आप्पांना, सांगून टाकलं, "मला न्हाय जमत. सोमवारी हॉस्टेलवरनं माझी ट्रंक घेऊन यावा." आप्पांनी मला थेट आपल्या जुन्या मास्तरांपुढं, म्हणजे सदलगे सरांपुढं, नेऊन बसवलं.

सर म्हणाले, "घोकतीस कशाला? गावात पाव्हणा आला तर आपण काय विचारतो? कुठला, कुणाचा. तेच शब्दाला विचार की." त्यांनी माझ्याच पुस्तकातला 'हिपॅटायटिस' काढला. 'हिपॅट' म्हणजे ग्रीक भाषेत यकृत आणि 'आयटिस' लागलं की तिथं सूज. मग गॅस्ट्रायटिस, टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस... अगंबाई, सगळे एकाच आडनावाचे! मी डोळे पुसून पुढचे शोधायला लागले.

तेवढ्यात 'आर्टरी' आली. सरांनी जाडजूड कोश उघडला आणि सांगितलं, "ही मूळची हवेची नळी. म्हणजे श्वासनलिका असणार." मी माझ्या पुस्तकातली पुढची ओळ वाचली होती. बोलू की नको? आप्पांच्या मास्तरांना चूक म्हणायचं कसं? तरी तोंडातून निघालंच, "सर, तसं न्हाय वाटत. पुढं बघा की, यातनं रक्त वाहतंय म्हणून लिहिलंय."

आप्पांनी डोळे वटारले. सर मात्र खुर्चीतून उठलेच! त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, पुन्हा कोशात डोकं घातलं आणि कारण शोधून काढलं. मेलेल्या माणसाच्या धमन्या, म्हणजे याच आर्टरी, रिकाम्या दिसायच्या, म्हणून त्यात हवाच असते असं जुन्या लोकांना वाटायचं.

"म्हणजे तेही चुकले आणि मीही चुकलो," सर लई खूश होऊन म्हणाले. "मूळ कळलं तरी शब्दाचा शेजार बघायलाच पायजे. तू बघितलास. पुस्तक तुला कळतंय की गं!"

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. परतताना स्टँडवर आप्पांनी हळूच विचारलं, "ट्रंक कवा आणायची?" मी म्हटलं, "आणू नका."

पुढं तीन वर्षं मी दर सुट्टीला सरांकडे जात राहिले. वैद्यकाचं पुस्तक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच हातात धरलं होतं, हे फार उशिरा कळलं. आजही ते नव्या मुलांना आर्टरीची गोष्ट सांगतात आणि आधी स्वतःची चूक सांगतात. असा मास्तर मिळायला नशीब लागतं, आणि ते मला मिळालं.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सर, कोशात डोकं घालून अजून पुष्कळ वर्षं बसा, तब्येत ठणठणीत राहू द्या. आणि बीपीची गोळी चुकवू नका. ही विनंती न्हाय, सिस्टरनं सांगितलंय.