हिवाळ्यातली उन्हाळी

"हिवाळ्यात कुणाला उन्हाळी लागते व्हय? कुठं तोंड काळं करून आलात, ते सांगा आधी!"

पत्र्याच्या भिंतीपलीकडून सुनेचा, बानाचा, आवाज आला आणि आक्काबाईची भाकर तव्यावरच करपली. नवराबायकोच्या भांडणात कान घालू नये, हे तिला ठाऊक होतं. पण कानाला कुठं झाकण असतं?

मल्हारी तिचा एकुलता एक. मेंढरं विकून वाळूजला कारखान्यात भट्टीवर लागलेला. लघवीला जळजळ होते, असं त्यानं भोळेपणानं बायकोला सांगितलं, आणि तिला भलत्याच रोगाचा वास आला. बानानं सिल्लोडला माहेरी जायला गाठोडं बांधलं. पण ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. संक्रांत तोंडावर, नाक्यानाक्यावर पोलीस, एसटी सुटेल का नाय, कुणी सांगेना. गाठोडं दाराशीच राहिलं.

आक्काबाईनं धुवायला टाकलेला मल्हारीचा सदरा उचलला. पाठीवर पांढरी नक्षी. जिभेला लावून बघितली, तर मीठ! तिला मेंढरं आठवली. चैत्रात पाणवठे आटले की ती थोडं, दाट, उग्र वासाचं मुतायची; आषाढात हिरवं खाल्लं की धो धो. अंगात बसून हे ठरवतं तरी कोण?

दोघांना पुढं घालून ती डॉक्टरकडं गेली. त्यांनी मल्हारीला तपासलं, लघवी तपासली.

"आजी, रोगबीग काही नाही. भट्टीपुढं घामातून पाणी जातं. रक्तात पाणी कमी पडलं की मेंदूतून मूत्रपिंडांना निरोप जातो, पाणी सोडू नका. मग ती पाणी परत रक्तात ओढतात. लघवी थोडी आणि कडक होते, म्हणून जळजळ. भरपूर प्यायलं की निरोप थांबतो, जादा पाणी बाहेर."

"म्हंजी कॅनॉलच्या पाटकऱ्यावानी! धरणात कमी झालं की फाटक खाली."

"अगदी तसंच."

"आन् ह्यो पाटकरी हिवाळा-उन्हाळा बघत नाय?"

"भट्टीपुढं कसला आलाय हिवाळा?"

बानाची मान खाली गेली. आक्काबाई लेकाकडं वळली, "मग पाणी का पीत नाय रं, मुडद्या?"

"मुतायला जायचं तर सायबाला इचारावं लागतं. त्यापरीस न पिलेलं बरं."

"न पिल्यानं पाटकरी रजेवर जातो व्हय?" आक्काबाई म्हणाली, तशी बाना फिसकन हसली. घरी येताच गाठोडं सुटलं.

तेव्हापासून आक्काबाई रोज शिफ्टच्या बसला पाण्याचा कॅन पोचवायची. मल्हारी बसला की खालून हाळी, "काल काय? लिंबू का चहा?" फिकट तर लिंबू, गडद तर चहा. आधी सारी बस हसायची. पुढं खिडक्याखिडक्यांतून बाकीचेही ओरडायला लागले, "माझा चहाच, मावशे!" "मग पी की, मेल्या!"

ज्या दिवशी दुपारी ती निजल्या जागी गेली, त्या दिवशी सकाळीही खेप चुकली नाही. दम लागत होता. बाना म्हणाली, "आत्याबाई, आज मी जाते."

"तू चारचौघांत इचारशील का?"

बाना लाजली. आक्काबाईनं कॅन उचलला, थांब्यावर नेला, खिडकीतून आत दिला.

"लिंबू का चहा?"

"लिंबू, आई!"

"मग जा," म्हणत तिनं पदर सावरला आणि घराची वाट धरली.