जयवंताचा संशय आणि मोर्णाकाठचा झाऊ

जयवंता माळीण ताकही फुंकून पिणारी बाई. दुधानं तोंड कधी पोळलं होतं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. मिरचीची रोपं घेताना ती एकेक मुळी नखानं खरवडून पाही, आणि नवरा 'भूक नाही' म्हणाला की तो कुठं जेवून आला याचा छडा लावी. अकोल्याच्या वरच्या अंगाला, मोर्णेच्या काठी तिचा आणि देवीदासचा मळा होता. काठाजवळ विहीर, आणि विहिरीपुढे नदीपर्यंत झाऊच्या झुडपांची दाट पट्टी. त्या एका विहिरीवर घर चालत होतं.

अमेरिकेत लढाई पेटली होती आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता. अडत्याच्या गाड्यांबरोबर देवीदास मुंबईला गेला. महिन्याभराचं सांगून गेलेला माणूस दोन महिन्यांनी आला. अंगाला मासळीचा वास, आणि मुंडाशात खोचलेलं काळपट, वाळकं, चिवट काहीतरी. जयवंताच्या मनात पाल चुकचुकली.

उशीर कशानं, तर म्हणे कुलाब्याला कापसाची तोलणी खोळंबली, आणि तो रोज समुद्राच्या खडकांवर बसून गवत बघत होता. इतकी ओबडधोबड थाप नवरे मारत नाहीत, हेच तिला जास्त खटकलं. देवीदास मात्र रंगात येऊन सांगत राहिला. मुंडाशातलं ते वाळकं गवत काढून दाखवलं. त्याला मुळं नाहीत, बुडाशी नुसता गड्डा, तोच खडकाला घट्ट चिकटलेला. लाट आली की ते ताठ उभं राहत नाही. पानं मिटून, लाट नेईल तिकडं लोळतं, मग पाण्याला ओढायला फारसं काही उरतच नाही. दाटीनं वाढलेलं एकमेकांच्या आडोशानं टिकतं. एकटं वाढून थोराड झालेलं तुटून किनाऱ्याला लागतं.

"आपला झाऊ तसाच हाय," तो म्हणाला. "पुरात निजते, पन माती सोडत नाई. त्याले हात लावू नोको."

इतकी वर्षं झाऊकडे ढुंकून न बघणाऱ्याला मुंबईहून आल्यावरच त्याचा पुळका कसा आला? सगळा गाव काठ मोडून कापसाच्या ओळी वाढवत होता. जयवंतानं दोन आणि दोन पाच केले. घरचा कापूस थोडा राहिला, पैसा कमी पडला, तरच याला पुन्हा अडत्याच्या गाड्यांबरोबर कमाईला जायचं निमित्त. तिकडं कोणीतरी आहे, नक्कीच आहे.

वैशाखात तो हिवरखेडला बहिणीकडच्या लग्नाला गेला. जयवंता ओलिताचं कारण सांगून मागं राहिली, दोन मजूर लावले आणि झाऊ मुळासकट खणून काढला. देवीदास परतला, उघडा काठ बघून गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाही तिला संशय आला. शेजारच्या गंगूबाईसमोरच ती म्हणाली, "तुमचं थे समुद्राचं गवत सारं खोटं हाय. तुमीबी खोटे."

श्रावणात मोर्णा चढली. भर दुपारी काठाच्या दरडी कापसासकट कोसळू लागल्या. संध्याकाळपर्यंत विहिरीचं बांधकाम कललं आणि पाण्यात गेलं. खालच्या अंगाला नत्थुजीचा मळा होता. आळसानं त्यानं झाऊ तोडलाच नव्हता. तो झाऊ गढूळ पाण्यात सपाट निजला होता, वर दिसणारे शेंडे सगळे एकाच दिशेला. दुसऱ्या दिवशी पूर ओसरला तसा झाऊ चिखल माखलेल्या अंगानं हळूहळू उठला, आणि त्याच्यामागं नत्थुजीचा काठ जसाच्या तसा होता.

जयवंता बराच वेळ बघत राहिली. नवऱ्यानं सांगितलेलं अक्षरन् अक्षर समोर उभं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तिनं ती लपवली नाही. "तुमी खरं सांगत होते," ती म्हणाली.

देवीदास विहिरीच्या जागी पडलेल्या भगदाडाकडे बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"इहीर पुन्हा खंदता येते. तू मले गंगूबाईसमोर खोटा म्हनलं, थे कायनं भरून निघंन?"

जयवंतानं आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्याच्या बोलण्यावर शंका घेतली नाही.