तुडूम बुजवणारी

तुमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी पोचलं, की मागे तलावाचं तुडूम बुजवायला कोण उतरतं, हे कधी विचारलंत? नाही ना? मग ऐका.

नागभीडकडच्या आमच्या गावात वच्छलाबाई उतरते. तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातलं दगडी भोक, त्याला लाकडी दट्ट्या. नवरा होता तोवर काम त्याचं, आता हिचं. यंदा धान निसवायला आणि पाऊस पळायला एकच गाठ पडली. तलावात जेमतेम दोन पाळ्यांचं पाणी. सोमवारी सकाळी दट्ट्या काढताना पारीवर, तलावाच्या बांधावर, अख्खं गाव. डबे, फटाके, आरडाओरडा. कारण जंगलातले पाणवठे आटले की वाघ इथंच येतो.

संध्याकाळी मात्र पारीवर चिटपाखरू नाही.

"देवाजीभाऊ, येता का पारीवर?" तिनं हाक दिली. तलावाला लागून पहिली बांधी त्याचीच.

"माह्या बांध्या भरून राह्यल्या, बाई. अन् वाघ काऊन खाईन तुले? रोजचा सोयरा हाय तुहा!"

"सकाळी तं वरात आणली होती, भाऊ. आता वऱ्हाडी कुठी गेले?"

तो हसला, फावडं घेऊन वळला.

तिला परतावंसं वाटलं. पण तुडूम उघडं राहिलं तर पुढची पाळी वाहून जाणार. तिची बांधी सगळ्यात शेवटची, आजचं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. पुढचं हुकलं तर लोंब्या पोचट.

चपला काठावर काढून ती छातीभर पाण्यात शिरली. दट्ट्याला चिंधी गुंडाळून भोकात घातला, दगडानं ठोकू लागली. त्याला दोन्ही हात लागतात, आणि पाठ पारीकडे होते. मागे वानर खाकरलं. बगळे उडाले. दगड हवेतच थांबला. वारा नव्हता, तरी गवत सळसळलं. पाणी पायांना भोकाकडे ओढत होतं. तिनं डोळे मिटले आणि ठोकलं. पुन्हा ठोकलं. ओढ थांबली.

तरी ती बाहेर येईना. दातखीळ बसेपर्यंत उभी राहिली. वर आली, तर चपलांशेजारी चिखलात पंज्याचा ठसा. त्यात अजून पाणी झिरपत होतं.

दुसऱ्या दिवशी देवाजीनं त्या ठशाचा फोटो गावभर फिरवला. मोठा शूर!

"आता मी नाई उतरत एकटी," वच्छलाबाई म्हणते. पण बांधी कोरडी आहे, ती उतरणारच.

गुरुवारी शेवटचं पाणी सुटतंय. सकाळी नाही आलात तरी चालेल. दिवस बुडायच्या आत पारीवर या, आणि बाई पाण्याबाहेर येईस्तोवर तिथून हलू नका.